अपूर्णांक घातांक आणि घनमुळांची समीकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चलासाठी इथे सगळीकडे क्ष घेतला आहे. घात दाखवायला ^ ही खूण वापरली आहे, म्हणजे क्ष^(२/३) हे 'क्षचा २/३ वा घात' असं वाचायचं. √ हे वर्गमूळ, ∛ हे घनमूळ. उत्तरं वास्तव संख्यांतच शोधली आहेत. या प्रकारातल्या निम्म्याहून जास्त चुका एकाच कारणानं होतात: घातांकाचा अंश सम आहे की विषम, छेद सम आहे की विषम, हे न बघताच पेन चालू होतं.

क्ष^(२/३) याचा नेमका अर्थ काय?

छेद कितवं मूळ काढायचं ते सांगतो, अंश कितवा घात करायचा ते. म्हणून ८^(२/३) म्हणजे ८ चं घनमूळ २ आणि त्याचा वर्ग ४. आधी वर्ग करून (६४) मग घनमूळ काढलं तरी ४ च येतं. तरी हातानं करताना मूळ आधी काढावं, आकडे लहान राहतात. १२५^(४/३) मध्ये आधी घनमूळ काढलं तर ५ येतात आणि ५^४ = ६२५, काम संपलं. आधी चौथा घात करायला गेलात तर २४,४१,४०,६२५ चं घनमूळ काढत बसावं लागेल.

८^(२/३) ला '८ गुणिले २/३' समजून १६/३ लिहिणारेही भेटतात. आणि ऋण खूण असेल तर ती फक्त उलटवते, उत्तर ऋण करत नाही: ८^(−२/३) = १/४.

असं समीकरण सोडवायची मूळ रीत कोणती?

घातांक असलेलं पद एका बाजूला एकटं पाडायचं, मग दोन्ही बाजूंचा त्या घातांकाच्या गुणाकार व्यस्ताइतका घात करायचा.

२क्ष^(३/४) − ५ = ४९
२क्ष^(३/४) = ५४
क्ष^(३/४) = २७
क्ष = २७^(४/३) = ३^४ = ८१

ताळा: ८१ चं चौथं मूळ ३, त्याचा घन २७, दुप्पट ५४, त्यातून ५ गेले ४९. जुळलं.

पद एकटं पाडायच्या आधीच घात केला की घोटाळा होतो. ∛क्ष + २ = ५ इथे घाईनं 'दोन्ही बाजूंचा घन' म्हणून क्ष + ८ = १२५, क्ष = ११७ असं लिहिलं जातं. (अ + ब)³ म्हणजे अ³ + ब³ नव्हे. मधली ३अब(अ + ब) ही राशी गेली कुठे? आधी २ पलीकडे न्या: ∛क्ष = ३, म्हणून क्ष = २७. याच जातीची दुसरी चूक म्हणजे ∛(क्ष³ + ८) चं क्ष + २ करणं. क्ष = २ ठेवून बघा: एकीकडे ∛१६, म्हणजे सुमारे २.५२, आणि दुसरीकडे ४.

क्ष^(२/३) = ९ याचं उत्तर २७ आलं, पण उत्तरसूचीत ±२७ आहे. −२७ कुठून आला?

वरची व्यस्त घाताची रीत जशीच्या तशी वापरली की इथे एक उत्तर गळतं. ३/२ वा घात केल्यावर डावीकडे क्ष उरला असं आपण धरतो. प्रत्यक्षात तिथे क्षचं केवलमूल्य उरतं, कारण मधे वर्ग होऊन गेलेला आहे आणि वर्गानं चिन्ह पुसून टाकलं आहे. म्हणून पायऱ्या फोडून लिहा:

(∛क्ष)² = ९
∛क्ष = ३ किंवा ∛क्ष = −३
क्ष = २७ किंवा क्ष = −२७

−२७ चं घनमूळ −३, त्याचा वर्ग ९. दोन्ही उत्तरं खरी.

कंसात राशी असली तरी हेच. (२क्ष − १)^(२/३) = २५ मध्ये घनमूळ ±५, म्हणून २क्ष − १ = १२५ किंवा −१२५, आणि क्ष = ६३ किंवा −६२. इथे ± शेवटी, म्हणजे क्ष मिळाल्यावर लावलं तर ±६३ असं चुकीचं उत्तर येतं. ± लागतं ते वर्ग सोडवण्याच्या पायरीवर.

मग किती उत्तरं येणार हे आधीच कसं ओळखायचं?

अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात आणा. मग अंश सम असेल (२/३, ४/५) तर डावी बाजू कधीच ऋण होत नाही. म्हणून उजवीकडे धन संख्या असेल तर दोन उत्तरं, शून्य असेल तर एक, ऋण असेल तर एकही नाही. क्ष^(२/३) = −४ दिसलं की 'वास्तव उकल नाही' लिहून मोकळं व्हा.

अंश आणि छेद दोन्ही विषम असतील (१/३, ३/५) तर उजवीकडे काहीही असो, नेमकं एक उत्तर. क्ष^(३/५) = −८ मध्ये क्षचं पाचवं मूळ −२, म्हणून क्ष = −३२.

छेद सम असेल (१/२, ३/४) तर क्ष ऋण असूच शकत नाही आणि मूळही ऋण येत नाही. क्ष^(३/२) = २७ ला ९ हे एकच उत्तर आहे, ±९ नाही.

ताळा दर वेळी करायलाच हवा का?

छेद सम असेल तर हो, तो उत्तराचाच भाग आहे. वर्ग केल्यावर ३ आणि −३ एकसारखे दिसतात, त्यामुळे मूळ समीकरणात नसलेली उकल आत शिरते. तिला आपण आगंतुक उकल म्हणू.

(क्ष + ७)^(१/२) = क्ष − ५
क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५
क्ष² − ११क्ष + १८ = ०
(क्ष − ९)(क्ष − २) = ०

क्ष = ९ ठेवलं तर √१६ = ४ आणि ९ − ५ = ४, ठीक. क्ष = २ ठेवलं तर डावीकडे √९ = ३ आणि उजवीकडे −३. २ बाद. खोडताना 'वर्गमूळ ऋण येत नाही म्हणून' एवढं कारण लिहा. नुसती काट मारलेली उकल वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

घन करण्यात हा धोका नाही, कारण दोन वेगळ्या वास्तव संख्यांचे घन कधीच सारखे नसतात. ∛(क्ष³ + ५६) = क्ष + २ बघा. घन केल्यावर क्ष³ + ५६ = क्ष³ + ६क्ष² + १२क्ष + ८, क्ष³ उडाले, राहिलं क्ष² + २क्ष − ८ = ०. उत्तरं २ आणि −४, आणि दोन्ही चालतात: ∛६४ = ४, ∛(−८) = −२.

म्हणजे घनमुळांच्या समीकरणात आगंतुक उकल येतच नाही?

येते, आणि ती जास्त फसवी असते कारण कुणी तिची वाटच बघत नाही. हे घ्या:

∛(१ − क्ष) + ∛(१ + क्ष) = −१

पहिल्या घनमुळाला अ, दुसऱ्याला ब म्हणा. (अ + ब)³ = अ³ + ब³ + ३अब(अ + ब). आता नेहमीची युक्ती: अ + ब च्या जागी −१ ठेवा. अ³ + ब³ = २ आहेच. मग

२ − ३∛(१ − क्ष²) = −१
∛(१ − क्ष²) = १
क्ष = ०

आता ताळा: ∛१ + ∛१ = २. पाहिजे होते −१!

घन करण्यात चूक नव्हती. चूक शिरली ती अ + ब च्या जागी −१ ठेवताना. ती पायरी पुढे जाताना बरोबर आहे, पण उलटी फिरत नाही. उजवीकडची संख्या क मानली तर अ³ + ब³ + ३अबक = क³ हे समीकरण दोन परिस्थितींत खरं ठरतं: एक, अ + ब = क; दुसरी, अ = ब = −क. आपल्याला पहिली हवी होती, हाती आली दुसरी (अ = ब = १, क = −१). क शून्य नसेल तर या दोन्ही एकत्र कधीच खऱ्या होत नाहीत, म्हणून दुसऱ्या वाटेनं आलेलं उत्तर नक्की खोटं. हीच युक्ती उजवीकडे २ असताना वापरली तर क्ष = ० हे खरं उत्तर मिळतं. थोडक्यात, बेरजेच्या जागी उजवी बाजू ठेवली असेल तर घनमूळ असूनही ताळा सोडू नका.

दोन घनमुळं आहेत. ही युक्ती टाळून सोडवता येतं का?

बहुतेक वेळा येतं, आणि आमच्या मते तीच वाट बरी. ∛(क्ष + १९) − ∛क्ष = १ घ्या. अ = ∛(क्ष + १९), ब = ∛क्ष. मग अ − ब = १ आणि अ³ − ब³ = १९. अ³ − ब³ चे अवयव (अ − ब)(अ² + अब + ब²), पहिला अवयव १, म्हणून अ² + अब + ब² = १९. अ च्या जागी ब + १ ठेवा:

३ब² + ३ब + १ = १९
ब² + ब − ६ = ०
ब = २ किंवा ब = −३

ब हे क्षचं घनमूळ, म्हणून क्ष = ८ किंवा −२७. ताळा: ३ − २ = १, आणि −२ − (−३) = १. दोन्ही बरोबर. मोठा घन नाही, करण्या नाहीत, शेवटी साधं वर्गसमीकरण.

क्ष^(२/३) − क्ष^(१/३) − ६ = ० मध्ये दोन वेगळे घातांक आहेत. काय करायचं?

एक घातांक दुसऱ्याच्या दुप्पट आहे, म्हणजे हे वेषांतर केलेलं वर्गसमीकरण. म = क्ष^(१/३) धरा: म² − म − ६ = ०, म = ३ किंवा −२, क्ष = २७ किंवा −८. दोन्ही चालतात. म काढून तिथेच थांबू नका, विचारलाय क्ष.

आता जवळजवळ तसंच दिसणारं क्ष^(१/२) − क्ष^(१/४) − ६ = ०. म = क्ष^(१/४), म पुन्हा ३ किंवा −२. पण चौथं मूळ ऋण नसतं, म्हणून −२ इथेच बाद आणि क्ष = ८१ एवढंच उत्तर. −२ चा चौथा घात करून १६ लिहिलात तर डावीकडे ४ − २ − ६ = −४ येतं, शून्य नाही.

छेद वेगळे असतील तर त्यांचा लसावि घ्या. क्ष^(१/२) = २क्ष^(१/३) मध्ये लसावि ६, म = क्ष^(१/६), म³ = २म², म²(म − २) = ०. उत्तरं ० आणि ६४. इथे दोन्ही बाजूंना म² नं भागलं की शून्य गुपचूप गायब होतं. चलानं भागायचं नाही, सामाईक काढायचं.

ऋण संख्येचं घनमूळ असतं ना? मग संगणक चूक का दाखवतो?

असतं, −८ चं घनमूळ −२. पण बऱ्याच संगणक भाषांत अपूर्णांक घात लॉगरिदममधून काढला जातो, आणि ऋण संख्येचा वास्तव लॉगरिदम नसतो. पायथनमध्ये (−८) चा १/३ वा घात मागितला तर १ + १.७३२आय अशी संमिश्र संख्या मिळते (आय म्हणजे −१ चं वर्गमूळ; तिथे आय ऐवजी जे लिहितात). तीही घन केल्यावर −८ च देते, पण आपल्याला हवं असलेलं मूळ ते नव्हे. जावास्क्रिप्ट तर 'ही संख्याच नाही' असं उत्तर देते. दोन्हीकडे घनमुळासाठी वेगळं फंक्शन आहे. ते वापरलं की −२ येतं.

कंसाचीही गंमत आहे. कंस न घालता −८^(१/३) टाइप केलं तर यंत्र आधी ८ चं घनमूळ काढतं, मग ऋण लावतं, आणि उत्तर योगायोगानं बरोबर येतं. त्याच सवयीनं −८^(२/३) टाइप केलं की −४ मिळतं. खरं उत्तर ४. घातांकालाही कंस हवा: ८^१/३ म्हणजे यंत्राच्या लेखी ८ भागिले ३. आणि १/३ च्या जागी ०.३३ टाकू नका. २७^०.३३ हे २.९६७ येतं, ३ नाही.

(−८)^(१/३) = −२, पण (−८)^(२/६) केलं तर २ येतात. कुठे चुकतंय?

(−८)² = ६४ आणि ६४ चं सहावं मूळ २. वाटेत चिन्ह पुसलं गेलं. म्हणूनच अनेक पुस्तकं पाया धन असतानाच परिमेय घातांकाची व्याख्या करतात. पाया ऋण घ्यायचाच असेल तर घातांक आधी संक्षिप्त करायचा, हा नियम अटळ आहे.

क्ष³ = ८ ला तीन उत्तरं आहेत असं ऐकलं. खरं का?

संमिश्र संख्यांत हो: २, −१ + √३आय आणि −१ − √३आय. वास्तव संख्यांत फक्त २. आणि ∛८ ही खूण नेहमी २ साठीच.

अज्ञात पायात नसून घातांकात असेल तर?

मग ही रीत नाही. दोन्ही बाजू एकाच पायावर आणा. २७^(क्ष − १) = ९^क्ष हे ३ च्या घातांत लिहिलं की ३क्ष − ३ = २क्ष, क्ष = ३. ताळा: २७² = ७२९ = ९³.

याचा व्यवहारात उपयोग कुठे होतो?

मुदत ठेवीचा खरा दर काढायला. १,००,००० रुपयांचे ३ वर्षांत १,२५,९७१ झाले. २५.९७ ला ३ नं भागून '८.६६ टक्के' सांगणारे पुष्कळ असतात, पण चक्रवाढीत तसा भागाकार चालत नाही. (१ + द)³ = १.२५९७१, द = ∛१.२५९७१ − १ = ०.०८, म्हणजे वर्षाला ८ टक्के. व्याज दर तिमाहीला मुद्दलात पडत असेल तर ३ वर्षांत १२ तिमाह्या, म्हणून १/१२ वा घात: तिमाहीला सुमारे १.९४३ टक्के, चौपट करून वार्षिक ७.७७ टक्के. रक्कम तीच, पण सांगायचा दर वेगळा.

घनाकृती टाकीत ५०० लिटर, म्हणजे ०.५ घनमीटर, पाणी मावायचं असेल तर आतली बाजू ∛०.५ = ०.७९४ मीटर, सुमारे साडेएकोणऐंशी सेंटिमीटर. बाजू दुप्पट केली की पाणी आठपट, हे टाकी सांगताना लक्षात ठेवलेलं बरं.

आणि आकाशात: केप्लरनं १६१९ मध्ये मांडलेला तिसरा नियम म्हणजे अपूर्णांक घातांकच. सूर्यापासूनचं सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत मोजलं तर वर्षांतला प्रदक्षिणाकाळ = अंतर^(३/२). गुरूचं अंतर ५.२, म्हणून काळ ५.२ × √५.२ = ११.८६ वर्षं. उलट बाजूनं, हॅलेचा धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी येतो, म्हणून त्याचं सरासरी अंतर ७६^(२/३), म्हणजे सुमारे १७.९ पट.

माझ्या साध्या कॅल्क्युलेटरवर फक्त √ चं बटण आहे. घनमूळ कसं काढू?

चौथं मूळ तर सरळ आहे, √ दोनदा दाबा. घनमुळासाठी एक अंदाज घ्या, त्याला मूळ संख्येनं गुणा, √ दोनदा दाबा, आलेलं उत्तर नवा अंदाज समजून पुन्हा तेच करा. ५० साठी ३ पासून सुरुवात: ३ × ५० = १५०, √√ नंतर ३.४९९६. पुढच्या फेरीत ३.६३७०, मग ३.६७२२. चूक दर फेरीला साधारण चौथाई होते. खरं उत्तर ३.६८४०. कारण सोपं आहे: अंदाज हलायचा थांबला की त्याचा चौथा घात = संख्या × अंदाज, म्हणजे घन = संख्या.

घाई असेल तर (२ × अंदाज + संख्या ÷ अंदाजाचा वर्ग) ÷ ३. अंदाज ३.७ घेतला तर एकाच फेरीत ३.६८४१.

आणि कॅल्क्युलेटरच नसेल तर?

संख्या पूर्ण घन आहे हे माहीत असेल आणि ती सहा अंकांपर्यंत असेल तर तोंडी होतं. १७५७६: शेवटचा अंक ६, म्हणून मुळाचा एककही ६ (२ आणि ८, ३ आणि ७ यांची अदलाबदल होते, बाकीचे अंक तेच राहतात). शेवटचे तीन अंक झाका, उरले १७. त्यात मावणारा मोठ्यात मोठा घन ८, म्हणून दशक २. उत्तर २६. संख्या पूर्ण घन नसेल तर ही युक्ती बेधडक खोटं उत्तर देते.

भरवशाची रीत आर्यभटानं ४९९ च्या सुमारास आर्यभटीयात दिली आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १७ | ५७६. १७ मधून २³ = ८ वजा करा, उरले ९. पुढचा ५ उतरवा, ९५. याला मुळाच्या वर्गाच्या तिपटीनं, म्हणजे ३ × २² = १२ नं भागा. ७ चा भाग बसतो, पण पुढे अडतं: ९५ − ८४ = ११, ७ उतरवून ११७, आणि त्यातून ३ × २ × ७² = २९४ जात नाहीत. म्हणून ६ घ्या. ९५ − ७२ = २३; ७ उतरवून २३७; त्यातून ३ × २ × ६² = २१६ गेले, उरले २१; ६ उतरवून २१६; त्यातून ६³ = २१६ गेले, बाकी शून्य. मूळ २६. बाकी उरली असती तर तीन शून्यांचा गट जोडून दशांश चिन्हापुढे हेच चालू ठेवायचं.